नाजूक मुलांचं टेबल

ता. ५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी फोन का करत नाही, असं तू विचारलंयस. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो, म्हणून. कागदावर निदान माझी पाळी येते.

इकडे सगळं ठीक. हिची बस आता पहाटेची झाली आहे. गाव झोपेत असतं तेव्हा ही डेपोतून पहिली गाडी काढते आणि मुंगीचा डबा माझ्या गळ्यात पडतो. तक्रार नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला भल्या सकाळी कोण विचारतं? तू हॉस्पिटलातून पाठवलेला आहाराचा तक्ता ओट्यावर चिकटवून ठेवलाय. पोरीच्या किडन्या निम्म्याहून कमी काम करतात हे कळल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या तक्त्याबाहेरचा एक घास घरात शिजलेला नाही. बटाटा करायचाच झाला तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देतो. शेजारीण कपाळाला हात लावते, कारण तिच्या मते सगळं सत्त्व त्या पाण्यात जातं. ते जावं म्हणूनच हा खटाटोप आहे, हे तिला सांगून मी थकलो.

तर बातमी अशी, की आपली मुंगी नापास झाली. गणितात नव्हे, डब्यात.

शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या आहेत. जुन्या मुख्याध्यापिकांना मुंगीच्या दुखण्याची इत्थंभूत माहिती होती, पण निवृत्त होताना त्या फक्त किल्ल्या देऊन गेल्या. नव्या बाईंनी आल्या आल्या आरोग्याची मोहीम काढली. जिन्याच्या पायऱ्यांवर ‘पांढरं अन्न, पांगळं मन’ असं लिहून घेतलं. (माझ्याकडून नाही. अक्षर भिकार आहे.) मग सोमवारी वर्गावर्गांत डबे उघडून तपासणी. मुंगीच्या डब्यात काय निघालं? पांढऱ्या पावाचे लोणी-जॅम लावलेले तुकडे, काकडीच्या चकत्या आणि गोड बिस्किटं. बाईंनी म्हणे तो डबा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, मेलेला उंदीर ठेवावा तसा. घरी लाल चिठ्ठी आली: पालकांनी पाल्याच्या पोषणाकडे गांभीर्याने पाहावे. खाली सुचवलेले पदार्थ: केळं, संत्रं, टोमॅटोचं सूप, शेंगदाणे, सुकामेवा, कोंड्याचा पाव, पेलाभर दूध. ताई, तुझ्या तक्त्यातला ‘चुकूनही नको’ हा रकाना बाईंनी पळवून नेलाय आणि वेलबुट्टी काढून मला परत पाठवलाय.

मुंगीने घरी येऊन विचारलं की बाबा, तू मला विष घालतोस का. बाकावरची मैत्रीण तिला म्हणाली होती की असा डबा देणारा बाप एक तर गरीब असतो, नाही तर मूर्ख. आपल्या पोरीने बाणेदारपणे सांगितलं की आम्ही गरीब नाही.

आता पुढे काय करायचं ते कळव. लोभ आहे तेवढाच ठेव, त्याला तरी पथ्य लावू नकोस.

तुझा धाकटा


ता. १२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंगीचं उत्तर आमच्या आहार विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझा मूर्खपणा आता सरकारदरबारी नोंदला गेला आहे असं समज.

मोठ्या बाईंवर एवढं तोंडसुख घेऊ नकोस. त्या सांगतात ते वर्गातल्या बाकी साऱ्या मुलांना लागू आहे. पण आरोग्याने झपाटलेल्या माणसाला आजारी मूल दिसत नाही, हे मी या नोकरीत केस पांढरे होईपर्यंत पाहिलंय. त्यांना भेटायला जा आणि साध्या शब्दांत सांग. फळांत, टोमॅटोत, सुक्यामेव्यात पोटॅशियम भरपूर असतं. धडधाकट पोराच्या किडन्या जास्तीचं बाहेर टाकतात आणि बोंबही मारत नाहीत. मुंगीच्या किडन्यांना ते झेपत नाही. मग ते रक्तात साचतं आणि थेट हृदयाचा ठेका बिघडवतं. दूध आणि कोंडा यांची वेगळी भानगड आहे, त्याने हाडं पोखरतात. म्हणजे जगाला जे पौष्टिक ते हिला जड, आणि जगाला जे वाईट ते हिला बरं. हे वाक्य बाईंना तीनदा सांगावं लागेल. माणसं पहिल्या दोन वेळा ऐकत नाहीत.

डब्याचं म्हणशील, तर पोर वाढीच्या वयाची आहे, तिला उपाशी ठेवणं हे पथ्य नव्हे. पाव, लोणी, जॅम चालू ठेव, त्यातून ताकद मिळते आणि किडनीला भार नाही. लोणी बिनमिठाचं हवं. एखाद्या दिवशी भात आणि परतलेला कोबी दे. अंड्याचा पांढरा भाग तुकडे करून पावात घाल, पिवळा तू खा, नाही तरी तुझ्या तब्येतीची चिंता करायला मी सोडून कोण आहे? मधल्या सुट्टीला सफरचंदाच्या फोडी, थोडी द्राक्षं, किंवा मक्याच्या बिनमिठाच्या लाह्या. लाह्या जास्त भर, म्हणजे तिला वाटता येतील. डब्यातलं कुणाला देता आलं नाही की मूल एकटं पडतं, आणि त्यावर आमच्याकडे गोळी नाही.

जाताना डॉक्टरांची चिठ्ठी ने, बायकोला ने आणि तुझी जीभ घरी ठेव. वहिनी भर बाजारातून बस काढते आणि कुणाला शिवी देत नाही, बाईंसमोर तीच बरी.

आशीर्वाद आहेतच. ते मोजून घ्यायची गरज नाही.

तुझी ताई


ता. ३० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिला सुट्टी मिळेना, म्हणून एकटाच गेलो. जीभ घरी ठेवली होती, शपथ.

मोठ्या बाईंच्या खोलीत इतकी प्रशस्तिपत्रं आहेत की भिंतीला रंग कुठला आहे ते कळलं नाही, आणि रंग हा माझा धंदा आहे. मी तुझं वाक्य तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या की तुमची मुलगी आजपासून शाळेची मुलगी. मला तिथेच धोक्याची घंटा ऐकू यायला हवी होती, पण हात धरलेले असले की माणूस कान खाजवू शकत नाही.

आठवडा उलटला नाही तोच जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीशी एक वेगळं टेबल लागलं. फुलाफुलांचा टेबलक्लॉथ, गादीच्या खुर्च्या आणि वर पाटी: ‘नाजूक मुलांचं टेबल’. तिथे मुंगी बसते आणि खालच्या वर्गातली एक छोटी बसते, तिच्याही किडन्यांची तक्रार आहे. छोटीला अंगावर सूज येते. तिला संत्रं चालतं, पण मीठ नको आणि पाणी मोजून. मोठ्या बाईंना हे असले बारकावे आवडत नाहीत. किडनी म्हणजे किडनी, असं म्हणून त्यांनी तुझा तक्ता दोघींनाही लावला. तक्त्याची प्रत काचेच्या चौकटीत टांगली आहे. वर शाळेचं नाव आहे, तुझं नाही.

सगळ्यात मोठी सोय म्हणजे तक्त्याप्रमाणे स्वयंपाक आता शाळेतच होतो. डबा बंद. मी सकाळी तासभर जास्त झोपतो. मुंगी मात्र गाल फुगवून बसते. मला जुन्या जागेवर पाठव, असं तिने दोनदा म्हटलं. थोडी कळ काढ, लोक आपल्यासाठी एवढं करताहेत, असं मी तिला समजावलं.

तू विचारायच्या आधीच सांगतो, ती पाटी मी रंगवली. मोठ्या बाईंनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि हॉलची भिंतही दिली. भलंमोठं हसरं केळं, हसरं संत्रं आणि हातात हात घातलेले टोमॅटो काढायचे आहेत. हो, मलाही दिसतंय. पण मागणी आहे तसं रंगवायचं, हा आमचा नियम आहे.

ही म्हणते की तुझं पत्र आलं की मी आधी वाचीन, म्हणजे तुझ्या शिव्या ताज्या मिळतील. तेव्हा लोभाबरोबर थोडी दयाही धाड.

तुझा धाकटा


ता. ४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण आज जरा हात राखून.

पोरीच्या डोक्यावर तू केळी आणि संत्री रंगवतोयस. ती हसरी आहेत हे वाचून मला हायसं वाटलं.

आता नीट ऐक. तो तक्ता मी मुंगीसाठी केला, तिच्या रक्ताच्या तपासण्या समोर ठेवून. तो छोटीला लावणं म्हणजे तुझा चष्मा शेजाऱ्याला देऊन वाच म्हणण्यासारखं आहे. प्रत्येक मुलाचं दुखणं निराळं, औषधं निराळी. छोटीच्या आईला सांग की तिच्या डॉक्टरांकडून वेगळं लिहून आण.

दुसरं म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात जा. भांड्यात काय पडतं ते डोळ्यांनी बघ. मसाला कुठला, लोणी कुठलं, सूप पाकिटातलं की भाजीचं, मीठ किती. काचेतल्या तक्त्याने भात शिजत नाही. पाट्या रंगवून पोट भरणाऱ्याने तरी पाटीवर विश्वास ठेवू नये.

आणि मुंगीला म्हणावं, आत्याला चार ओळी लिही. तुझ्या पत्रांत विनोद फार आणि बातमी कमी असते.

माया कमी झालेली नाही, फक्त आवाज चढलाय.

तुझी ताई


ता. २१ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबा म्हणाला की आत्याला पत्र लिही, म्हणून लिहीत आहे. माझं अक्षर या वेळी वाईट आहे, त्याचं कारण पुढे येईल.

मी आता नाजूक मुलांच्या टेबलावर बसते. तिथे मी आणि छोटी असतो. छोटी फक्त मांजरांविषयी बोलते. तिचं मांजर नाही, पण ती बोलते. गुरुवारी पाहुणे येतात आणि आम्हाला बघतात. मोठ्या बाई त्यांना सांगतात की या मुली किती सोसतात. मग पाहुणे माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. एका काकांचा हात ओला होता. माझी मैत्रीण लांबून बघते आणि तोंडावर हात धरून हसते. पूर्वी ती माझ्या शेजारी बसून हसायची.

जेवण आधी फार अळणी होतं. पण आता छान खारट असतं. एका दुकानदार काकांनी शाळेला नवीन मिठाची पोती दिली, त्यांच्यावर पत्त्यांतल्यासारखा लाल बदाम छापलेला आहे. मोठ्या बाई म्हणाल्या की हे मीठ नाहीच, हे औषध आहे, तुम्ही दोघींनी हवं तेवढं खा. म्हणून आमच्या भातात, कोबीत आणि सूपमध्ये तेच घालतात आणि वरून घ्यायला वाटीतही ठेवतात. मला आवडतं, पण शेवटी जिभेवर खिळा चाटल्यासारखं लागतं. तू कधी खिळा चाटलायस का? मी चाटलाय, बाबाच्या डब्यातला.

अक्षर वाईट आहे कारण माझ्या बोटांना मुंग्या येतात आणि पेन्सिल सुटते. बाबाला सांगितलं तर तो म्हणाला की मुंगीला मुंग्या येणारच. मी पण हसले. परवापासून जास्त येतात, पण तो भिंत रंगवतोय, म्हणून मी परत सांगितलं नाही. तू पण सांगू नकोस.

तुझा लोभ आहे असं बाबा म्हणतो. लोभ म्हणजे काय ते मला माहीत आहे, पण त्याला विचारलं तर तो उगाच विनोद करतो.

तुझी लाडकी
मुंगी


ता. २९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुंगी परवा हॉस्पिटलातून घरी आली. हिच्याकडून तुला रोज खबर गेलीच आहे, पण मला सगळं माझ्या हाताने लिहायचं होतं, म्हणून बसलो.

तुझा फोन आला तेव्हा मी शाळेच्या हॉलमध्ये शिडीवर होतो, संत्र्याला दुसरा डोळा काढत. तू पहिल्यांदाच फोनवर एवढं कमी बोललीस. पोतं उलटं कर आणि मागचं वाच, एवढंच म्हणालीस. मी स्वयंपाकघरात गेलो, पहिल्यांदाच. पुढे हाताएवढा लाल बदाम आणि ‘आरोग्य मीठ’. मागे, शिवणीच्या खाली, खऱ्या मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत घटक. आयुष्यभर अक्षरं काढली ताई, पण ती वाचायला मला जमिनीवर गुडघे टेकावे लागले. साध्या मिठातलं सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं. जे मी बटाट्यातून उकळून उकळून ओतून देत होतो, ते इथे पोरीला वाटीत घालून वाढत होते.

वर्गातून तिला उचलली. जिना उतरताना ती म्हणाली की मी चालते, आणि तिसऱ्या पायरीवर तिचा गुडघा दुमडला. हॉस्पिटलात छातीला तारा लावल्या. कागदावर रेघ उमटली, तिच्यात सुळके होते. तरुण डॉक्टर तो कागद बघून पळतच गेली. डॉक्टर पळते तेव्हा काय होतं ते मी तुला सांगायला नको, तू रोज पाहतेस. मी पहिल्यांदा पाहिलं. सुई लावली, औषधं सोडली, पुन्हा पुन्हा रक्त काढलं. ही डेपोच्या गणवेशातच आली. वाटेतल्या थांब्यावर तिने गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिली होती. आम्ही दोघं त्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बघत बसलो. मला त्या वेळात एकही विनोद सुचला नाही, हे तुला मुद्दाम कळवतो. बोटांना मुंग्या येतात हे पोरीने मला सांगितलं होतं आणि मी त्यावर कोटी केली होती. ती तू वाचली आहेसच.

रेघ पुन्हा नेहमीच्या वळणावर आली. रक्तातल्या पोटॅशियमचा आकडा उतरला. दुसऱ्या दिवशी मुंगीने जेवणाच्या ताटाला नावं ठेवली, तेव्हा हिला पहिल्यांदा रडू फुटलं.

मोठ्या बाई भेटायला आल्या. हातात परडी: केळी, संत्री, दोन शहाळी, मनुका. दारातल्या नर्सने परडी त्यांच्या हातून अशी काढून घेतली की जणू त्यात साप होता. मग वॉर्डातल्या सगळ्या नर्सांनी ती यथेच्छ खाल्ली. बाईंनी खुर्चीवर बसून सांगितलं की मीठ शास्त्रीय आहे, त्याच्यावर हृदयाचं चित्र आहे, शाळेच्या भावना दुखावल्या आहेत आणि असलं काही असेल तर पालकांनी लेखी द्यायला हवं होतं. लेखी त्यांच्याच काचेत टांगलंय, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण ही आधी बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “बाई, मी रोज बसभर माणसं घेऊन जाते. माझ्या हातून कुणाला लागलं, तर माझा हेतू चांगला होता असं मी म्हणत नाही. मी आधी गाडी थांबवते.”

बाई उठून गेल्या. छोटीचं रक्त मुंगीला नेलं त्याच दिवशी तपासलं. तिच्या किडन्यांना पोटॅशियम झेपतं, म्हणून ती वाचली.

मी ठरवलं होतं की मुंगीचं नाव शाळेतून काढायचं. तिला सांगितलं, तर म्हणाली की शाळा तिला सोडायची नाही, ते टेबल सोडायचंय. तूच सांग आता.

मायेचं म्हणशील, तर या वेळी ती माझ्या वाटची पोरीला दे.

तुझा धाकटा


ता. ४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या त्या कोटीवरून मी तुला बोलणार नाही. वहिनीने बोलून घेतलं असेल, आणि जे उरलं असेल ते तू स्वतःला रोज सुनावतोयस हे अक्षरावरून दिसतं. मुंगीचं ते पत्र उभ्यानेच वाचलं. खिळ्यापर्यंत आले आणि मला खुर्ची सापडेना. सोबतच्या मुली सांगतात की मी फोनवर तुझ्याशी शांतपणे बोलले. फोन ठेवल्यावर काय केलं ते त्या सांगत नाहीत, चांगल्या मुली आहेत.

आता कामाचं. मुंगीचं बरोबर आहे, तिला ते टेबल नको. खास दोन मुलींसाठी वेगळं शिजवलं की ते भांडं विसरतं, बदलतं, कुणीतरी दया येऊन त्यात काहीतरी घालतं. त्यापेक्षा कोबी, फुलकोबी, भात, पांढरा पाव असल्या दिवशी सगळ्या शाळेचा स्वयंपाक एकाच भांड्यात बिनमिठाचा करा. साधं मीठ छोट्या वाट्यांतून प्रत्येक टेबलावर ठेवा. ज्याला हवं तो वरून घेईल. मुंगी आणि छोटी घेणार नाहीत. मग दोघी कुठेही बसू देत. बटाटा, टोमॅटो, डाळीचे दिवस असतील तेव्हा मुंगीचा घरचा डबा. छोटीचं तिच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे. शाळेत येणारं प्रत्येक नवं पाकीट कुणीतरी उलटं करून वाचायचं. बदाम छापलेलं असेल तर दोनदा वाचायचं.

मोठ्या बाईंना ही कल्पना त्यांना स्वतःलाच सुचली असं वाटेल, अशा बेताने सांग. तुझा जळफळाट होईल. होऊ दे. श्रेयात पोटॅशियम नसतं, त्यांना हवं तेवढं खाऊ दे.

आणि सकाळी तासभर लवकर ऊठ.

सगळ्यांना जवळ घेतलंय असं समजा.

तुझी ताई


ता. २० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पालकसभा झाली. ही आणि मी दोघं गेलो.

दुकानदार काका पहिल्या रांगेत रुसून बसले होते. त्यांचं म्हणणं, मीठ चांगलं आहे, मुलीच चुकीच्या आहेत. दुसऱ्या एका बापाने विचारलं की दोन मुलींसाठी साऱ्या शाळेने अळणी का खायचं. त्याला उत्तर छोटीच्या आईने दिलं. ती एरवी इतकं हळू बोलते की वाटाण्याच्या शेंगा सोलल्यासारखं वाटतं. तिने सांगितलं की अळणी कुणीच खायचं नाही, वाटी समोर आहे, हात लांब करायचा. तुमच्या मुलाला हात लांब करायचे कष्ट होत असतील तर त्यालाही नाजूक टेबलावर बसवू. सभा हसली आणि ठराव तिथेच झाला.

मग मोठ्या बाई उठल्या. ही योजना आपण गेली कित्येक वर्षं मनात घोळवत होतो, असं त्यांनी सांगितलं. ‘मुक्त मीठ’ असं तिचं नाव ठेवलंय. त्या आता मुख्याध्यापकांच्या संमेलनात त्यावर भाषण देणार आहेत. मी टाळ्या वाजवल्या. हिने माझ्या पायावर पाय दिला होता, त्यामुळे जोरात वाजवल्या. पण एक खरं सांगतो. सभा संपल्यावर बाई स्वतः स्वयंपाकघरात गेल्या आणि मांडणीवरचं एकेक पाकीट उलटं करून, चष्मा कपाळावर चढवून, मागचं वाचत बसल्या. मी दारातून पाहिलं. तेवढ्यापुरतं मी त्यांना माफ करून टाकलं, उद्याचं उद्या बघू.

पोती दुकानदार काकांना परत गेली. भिंत मी अर्धी सोडली. संत्रं एका डोळ्याचं राहिलंय, मुलांनी त्याला समुद्री चाचा नाव ठेवलंय.

मी आता लवकर उठतो. आज लाह्या, सफरचंद आणि पाव. मुंगी सोमवारपासून शाळेत जातेय.

मायेची वाटी आमच्याही टेबलावर ठेव, आम्ही हात लांब करू.

तुझा धाकटा


ता. ८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. पेन्सिल सुटत नाही. रक्त दिलं, आकडा चांगला आला. डॉक्टर म्हणाल्या की तीन आठवड्यांनी परत यायचं.

आता मी मोठ्या टेबलावर बसते, माझ्या मैत्रिणीच्या शेजारी. छोटी तिच्या वर्गाबरोबर बसते आणि तिथे मांजरांविषयी बोलते. भात आणि कोबी सगळ्यांना सारखाच असतो. मी मीठ घेत नाही आणि कुणी विचारत पण नाही. लाह्या मी वाटते. माझ्या लाह्यांना खूप मागणी आहे.

काल जेवणाच्या तासाला आम्ही मिठाचा डोंगर केला. कल्पना माझी होती. सगळ्या टेबलांवरच्या वाट्या गोळा केल्या, मधोमध ओतल्या आणि वर काकडीची चकती लावली, म्हणजे तो बर्फाचा डोंगर आणि वरचा हिरवा सूर्य. मग मैत्रिणीला शिंक आली. मीठ सगळीकडे उडालं आणि तेवढ्यात मोठ्या बाई पाहुणे घेऊन ‘मुक्त मीठ’ दाखवायला आल्या. एका पाहुण्यांच्या कोटावर डोंगर गेला.

मोठ्या बाईंनी आमच्या सगळ्या टेबलाला व्हरांड्यात उभं केलं. मी पण रांगेत निघाले, तर त्या मला म्हणाल्या की तू बस, तुला उभं राहवायचं नाही. मी म्हटलं की बाई, वाट्या मीच गोळा केल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तर मग तू सगळ्यांत पुढे उभी राहा.”

मी सगळ्यांत पुढे उभी राहिले. बाबाला बोलावून घेतलं. त्याने मोठ्या बाईंसमोर तोंड गंभीर केलं आणि बाहेर येऊन आईला फोन लावून सांगितलं की आपल्या पोरीला शिक्षा झाली. तो इतका आनंदाने सांगत होता की शिपाईकाकांना वाटलं, माझा नंबर आला.

पण माझी मैत्रीण माझ्याशी बोलत नाही. सगळं टेबलच बोलत नाही. ती म्हणते की हे सगळं माझ्यामुळे झालं आणि मी फार वाईट मुलगी आहे. आत्या, आजपर्यंत शाळेत माझ्यावर कुणी चिडलंच नव्हतं. उद्या लाह्या जास्त नेणार आहे.

तू ये. तुझ्यासाठी पण काढून ठेवीन.

तुझी
मुंगी